हवेतला सव्वा तास

आमचे जावई पुण्याहून यवतमाळला सव्वा तासात येतात. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. आमची लेक त्याला दुजोरा देते, आणि व्याही तर ही बातमी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर आणि एकदा चक्क तेराव्याच्या जेवणात सांगून आलेले आहेत. "आमचा मुलगा सासुरवाडीला सव्वा तासात पोचतो." ऐकणाऱ्याला वाटतं, सासुरवाडी हडपसरला असावी.

या सव्वा तासासाठी जावई आदल्या दिवशी ऑफिसातून लवकर निघतात. नऊ वाजता झोपतात, म्हणजे डोळे मिटून छताकडे तोंड करून पडतात. एकचा गजर, दीडला अंघोळ, सव्वादोनला टॅक्सी. विमान पावणेसहाचं. हिंजवडीकडून लोहगावला जायचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो, पण पुण्यातल्या माणसाला मोकळ्या रस्त्याचीच जास्त भीती वाटते. पुढे काहीतरी मोठं झालेलं असणार असं त्याला वाटतं. विमानतळावर पोचल्यावर पट्टा काढायचा, पाकीट काढायचं, लॅपटॉप काढायचा, मग ते सगळं परत घालायचं आणि दीडशे रुपयांचा चहा घेऊन काचेतून अंधाराकडे बघत बसायचं. तिकिटावर प्रवासाचा वेळ दीड तास छापलेला असतो. त्यातलं विमानाचं जमिनीवरचं रांगणंही जावई वजा करतात, तेव्हा कुठे सव्वा तास उरतो.

इकडे यवतमाळात त्याच सव्वा तासासाठी पहाटे साडेतीनला गाडीवाला दारात हॉर्न वाजवतो. त्याने हॉर्न वाजवला की समोरचा कुत्रा भुंकतो, कुत्रा भुंकला की शेजारचे अण्णा खिडकीतून विचारतात, "काहून हो, दवाखान्यात चालले का?" त्यांना दर वेळी सांगावं लागतं की नाही, जावई विमानाने येऊन राहिले. आमची ही गाडीवाल्याला चहा पाजते आणि बरोबर डबा देते, कारण जावईबापूंनी सकाळपासून काही खाल्लं नसणार. तो डबा गाडीवाला वर्ध्यालाच उघडतो असा माझा संशय आहे, पण ते पुढे. गाडी कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत दीडशे किलोमीटर रिकामी जाते आणि तेवढीच भरून परत येते.

साडेदहाच्या पुढे जावई दारात उभे राहतात. ही त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. डोळे लाल, शर्टावर सीटबेल्टची घडी, केस एकाच बाजूला झोपलेले.

"कसा झाला प्रवास?" मी विचारतो.

"प्रवास कसला बाबा! सव्वा तास. डोळा लागतो न लागतो तोच नागपूर." एवढं बोलून ते सोफ्यावर बसतात आणि बसल्या जागी झोपतात. पायातले बूट मला काढावे लागतात.

आमचा मुलगाही पुण्यातच असतो. तो ट्रॅव्हल्सने येतो. संध्याकाळी सातला स्लीपरमध्ये आडवा होतो, मध्ये एका ढाब्यावर शेवभाजी खातो, पुन्हा आडवा होतो आणि सकाळी साडेआठला घरी येऊन पोहे-तर्री मागतो. नऊला तो क्रिकेट खेळायला गेलेला असतो. तरी त्याच्या प्रवासाची कहाणी चौदा तासांची! "बिचारा, चौदा तास बसमध्ये!" म्हणून त्याची आई त्याच्या पाठीवरून हात फिरवते. त्याच्या हिशेबात बसची वाट बघत फुटपाथवर काढलेला अर्धा तास धरलेला असतो, ढाब्यावरची शेवभाजी धरलेली असते, घोरणंही धरलेलं असतं. जावयांच्या हिशेबात मात्र चाकं धावपट्टीवरून सुटली की घड्याळ सुरू, चाकं टेकली की बंद. जमिनीवर जे काय घडतं तो प्रवास नव्हे, ते प्रारब्ध.

यंदा ज्येष्ठच अधिक आला. धोंड्याचा महिना आणि तोही वैदर्भी उन्हाळ्यात. जावयाला बोलावणं भागच होतं. लेक आधीच भावाबरोबर ट्रॅव्हल्सने आली होती, जावई नेहमीप्रमाणे सव्वा तासात आले. दुपारी पारा पंचेचाळीसकडे सरकत होता आणि जावई कूलरच्या अगदी तोंडाशी गादी टाकून मोबाइल बघत पडले होते. एकदम उठून बसले.

"बाबा, हे बघा. यवतमाळ ते नागपूर विमानाने किती वेळ, ते दिलंय. हवाई अंतर एकशे तीस किलोमीटर, वेळ वीस मिनिटं."

"कोणत्या विमानाने?"

"तसं विमान नाहीये. पण असतं तर."

खरं सांगतो, मला ती गंमत आवडली. जे विमान नाही त्याची वेळ मिनिटात सांगणारा कुणीतरी जगात आहे, हे ऐकूनच गार वाटलं. मी म्हटलं, "पुसद ते वणी बघा बरं."

"पुसदला विमानतळ आहे?"

"नाही. वणीलाही नाही. म्हणजे बरोबरी झाली."

निघालं, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत. वेळ पुन्हा वीस मिनिटांच्या आसपास. पुसदहून वणीला एस.टी.ने निघालेला माणूस सकाळी घरून डबा घेऊन निघतो आणि वणीत ऊन उतरल्यावर उतरतो. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात. त्या पुसदने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री दिले, मुंबई पुसदच्या जवळ आली. वणी मात्र होती तिथेच राहिली.

यवतमाळला विमानतळ नाही असं कुणी समजू नये. आहे. भारी गावाजवळ आहे, धावपट्टी आहे, जवाहरलाल दर्डा यांचं नाव आहे. २००९ मध्ये सरकारने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ असे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले होते. ९५ वर्षं म्हणजे २१०४ साल. काही झालं तरी आपण घाई करतोय असं कुणी म्हणू नये, ही त्यामागची भावना असावी. नियमित प्रवासी विमान नसल्याचे फायदेही पाहिले पाहिजेत. आमच्या विमानतळावर एकही विमान आजवर उशिरा आलेलं नाही. कुणाची बॅग हरवलेली नाही. चेक-इनला रांग नाही, दीडशेचा चहा नाही. निवडणुकीच्या दिवसांत मात्र जिल्ह्याच्या आकाशात हेलिकॉप्टरांची वर्दळ होते, शेतात पांढरी वर्तुळं आखली जातात, आणि ज्या रस्त्यावर साहेबांची गाडी धावणार तेवढ्याच रस्त्याचे खड्डे रात्रीतून बुजतात. ते सगळे पुढारी आमच्याकडे वीस मिनिटांत येतात आणि भाषणाला दोन तास उशिरा पोचतात. हिशेब तोच, जावयांचाच.

संध्याकाळी ऊन कलल्यावर मी जावयांना दत्त चौकाकडे फिरायला घेऊन गेलो. आमच्या नेहमीच्या पानठेल्यावर प्रवासशास्त्राचं विद्यापीठ भरतं. यवतमाळहून कुठेही लवकर कसं जायचं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि त्यांतला एकही जण ठेला सोडून फारसा कुठे गेलेला नसतो. ठेलेवाला प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन पाटीवर घासत होता. "दोन मिनिटं भाऊ, घोटून देतो," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला. दोन मिनिटं हा त्याचा हवेतला वेळ.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं ७२ आसनांचं एटीआर विमान सुरू झालं, तेव्हापासून या विद्यापीठात दोन तट पडले आहेत. अमरावती आमच्यापासून नव्वद किलोमीटर, नागपूर दीडशे.

"मुंबईले जाचं तं अमरावतीहून जा न भाऊ," पहिला गट म्हणाला. "दीड तासात बेलोरा, पावणेदोन तासात मुंबई. खतम!"

"ते रोज कुठी उडते? सुरू झालं तवा हप्त्यातले तीन दिवस होतं."

"मंग त्या तीन दिवशीच जा."

"अन् कोर्टाची तारीख चौथ्या दिवशी असली तं?"

"तं आधी जाऊन बसाचं. मुंबईत पाहाले काही कमी आहे का?"

तिसऱ्याने समृद्धी काढली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुला, आठ तासांत माणूस मुंबईत. त्यावर ठेलेवाल्याने पाटीवरचा हात थांबवून विचारलं, "आठ तास समृद्धीवर चढल्यावर. चढाले जो टाइम लागते तो कोण धरन?" मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, हात चुन्याचे होते म्हणून राहून गेलं.

मग बाकावरचे एक म्हातारबुवा बोलले. ते दर वेळी बोलतात. "काही म्हणा राजेहो, शकुंतलेसारखी गाडी नाही." यवतमाळ ते मूर्तिजापूर एकशे तेरा किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी गेली काही वर्षं बंदच आहे. तिला मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ पर्यंत तिला ओढत राहिलं, आणि गार्डसाहेब स्वतःच तिकीट फाडायचे. "तिच्यात बसल्यावर कोणी टाइम नाही पुसे," म्हातारबुवा म्हणाले, "पुसाचाच नाही. दारव्ह्याले उतराचं, लघवी कराची, चहा प्याचा, पुन्हा चढाचं."

"मोठी रेल्वे येऊन राहिली न आता," कुणीतरी म्हणालं.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा दोनशे चौऱ्याऐंशी किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, पंतप्रधानांनी यवतमाळात येऊन हिरवा झेंडा दाखवला. गाडी कळंबला आली आणि चिंतामणीच्या दर्शनाला थांबली. देवाच्या दारातून माणसाला उठवू नये म्हणतात, रेल्वेला तर कोण उठवणार?

जावई एवढा वेळ गप्प ऐकत होते. मग त्यांनी पुण्याच्या माणसाने कधीच करू नये ते केलं, स्वतःचा अनुभव सांगितला. "मी पुण्याहून सव्वा तासात आलो."

ठेल्यावर शांतता पसरली. ठेलेवाल्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"घरून कधी निघाले?"

"सव्वादोनला."

"अन् घरी कधी पोचले?"

"साडेदहाला. म्हणजे गाडी वर्ध्याला थोडी..."

"असं," ठेलेवाला म्हणाला, आणि पन्नीला गाठ मारून खर्रा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला. त्याची दोन मिनिटं झाली होती. मधल्या काळात रस्त्यावरचे दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि जावई साक्षात नारायण म्हणून पाटावर. नारायणाने पानात वेगळा वाढलेला अनारसा मोडला, डोळे मिटले, आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "मामी, काय जाळी पडलीय! किती वेळ लागतो हो याला?"

इथे आमच्या हिच्या डोळ्यांत मी एक चमक पाहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती चमक कशाची असते हे मला कळतं. मी वरणाच्या वाटीत तोंड घातलं.

"एक अनारसा न? तुपात सव्वादोन मिनिटं," ती म्हणाली. "तेहतीस अनारशांचा सव्वा तास."

"फक्त सव्वा तास?"

"मंग! तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं. ते निथळून सावलीत वाळवले. कुटले. चाळले. गुळात कालवून पीठ आठ दिवस मुरवलं, मधात एकदा सैल झालं म्हणून पुन्हा पीठ लावलं. तळताना चार अनारसे तुपात फुटून विरघळले, ते वेगळे. पण ते सगळं जमिनीवरचं. हवेतला सव्वा तास."

लेक जोरात हसली आणि तिला ठसका लागला. जावईही हसले, काही झालं तरी माणूस चांगला आहे. मी मात्र हसत असतानाच घाबरत होतो, कारण हा हिशेब घरात एकदा लागू झाला की तो कुठे जाऊन थांबेल याचा नेम नव्हता. मी सरकारी कचेरीत सदतीस वर्षं नोकरी केली असं सगळ्यांना सांगतो. त्यातून चहा, जेवणाची सुट्टी, फाइल शोधणं, ज्याने फाइल नेली त्याला शोधणं, वीज जाणं आणि साहेब दौऱ्यावर असणं वजा केलं, तर माझी चाकं जमिनीवरून नेमकी किती वेळ सुटली होती? पेन्शन परत करावी लागेल इतकाच आकडा निघाला असता. सुदैवाने तिने फक्त जिलेबी वाढली.

निघायच्या दिवशी बॅग भरण्याचा कार्यक्रम झाला. नियम असा की विमानात पोटात जाणारी बॅग पंधरा किलोची आणि हातातली सात. आमच्या हिच्या मते पंधरा किलो हे सुनेच्या माहेरच्यांसाठी ठीक आहे, जावयासाठी ही काय पद्धत झाली? अनारशांचा उभट डबा, तांब्याचं ताट, तूरडाळ, सरगुंडे, मुंगवड्या, कुरड्या, आंब्याचं लोणचं असं सगळं जमिनीवर मांडलं गेलं. जावई एकेका वस्तूकडे बघत निकाल देत होते.

"लोणचं हातातल्या बॅगेत चालणार नाही."

"मंग मोठ्या बॅगेत."

"मोठ्या बॅगेत डाळ आहे. आणि मामी, हे सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत चालत नाही."

"काहून? खोबऱ्याने काय केलं?"

"त्यात तेल असतं. विमानात आग लागू शकते."

हिने हातातल्या वाटीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू इतकी वर्षं आपण देवापुढे बॉम्ब ठेवत आलो. मग ती वाटी तिने शेजारच्या अण्णांकडे पाठवून दिली. अण्णा बसने जातात.

वजन करायला शेजारून उभं राहायचा काटा आणला. पद्धत अशी की आधी मी नुसतं उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. मी नुसता उभा राहिलो. सगळ्यांनी वाकून आकडा पाहिला. बॅगेचं काय झालं ते पुढची पंधरा मिनिटं कुणीच विचारलं नाही. "तुम्ही तं त्र्याहत्तर सांगत होते!" एवढंच वाक्य मला आठवतं. मी काटा बिघडलाय म्हटलं, जावयांना उभं केलं, काटा त्यांना अगदी बरोबर दाखवत होता. शेवटी बॅगेतून तांब्याचं ताट आणि अर्धी डाळ कमी झाली. ताट मुलाबरोबर ट्रॅव्हल्सने जाईल असं ठरलं. त्याच्या चौदा तासांना वजनाची मर्यादा नाही.

संध्याकाळी सव्वासातचं विमान, म्हणून दुपारी एकला गाडी निघाली. पाचला गाडीवाल्याने जावयांना नागपूरच्या विमानतळावर सोडलं. साडेआठला तो यवतमाळात परत आला, अंघोळ करून जेवला आणि आमच्याकडे पैसे न्यायला आला. तो दारात उभा असतानाच जावयांचा फोन वाजला.

"पोचले का जावईबापू?" हिने विचारलं.

"अजून नागपूरलाच आहे, मामी. विमान दोन तास लेट दाखवतायत. पण हवेत गेलं की सव्वाच तास." आवाज जरा विचित्र येत होता. मग कळलं की ते खात होते. शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ वर्ध्याच्या सासुरवाडीहून निघालेले, पलीकडचे चंद्रपूरहून, त्यांच्यामागचे भंडाऱ्याहून. सगळे जावई. सगळ्यांच्या मांडीवर डबे. अधिक मासात शनिवार-रविवार धरून सासुरवाडीला आलेले आणि रविवारी संध्याकाळी एकाच विमानाने पुण्याला निघालेले. आता डबे उघडून कुणाच्या अनारशाला जाळी जास्त पडलीय याची चर्चा चालू होती. चंद्रपूरचे अनारसे चिवट निघाले, हे सांगताना जावयांना झालेला आनंद मला फोनवरूनही दिसला.

"सिक्युरिटीला काही त्रास झाला नाही न?" मी विचारलं.

"झाला ना बाबा. हातातल्या बॅगेतला डबा एक्स-रेमधून गेला तसं तिथल्या जवानाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, 'सर, दोपहर से देख रहा हूँ, हर तीसरे बैग में एक डिब्बा, डिब्बे में गोल-गोल टिकिया, और हर डिब्बे में गिनो तो तैंतीस. ये क्या चीज़ जा रही है?' मी त्याला अधिक मास समजावून सांगितला. दर साधारण तेहतीस महिन्यांनी येतो, चंद्राचं वर्ष आणि सूर्याचं वर्ष, दोघांचा मेळ बसवायला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं."

"मग?"

"मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, 'पर आपके तो बत्तीस हैं.'"

हिने दारात उभ्या असलेल्या गाडीवाल्याकडे पाहिलं. गाडीवाला आमच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"देवळीले थांबलो होतो, काकू," तो म्हणाला. "दोन मिनिटं."